ऑपरेशननंतर गोळी लागू पडेल का? भूलतज्ज्ञाला आधीच काय सांगायचं

मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिकला. ऑपरेशनच्या आधी पेशंट फिटनेससाठी समोर बसला की शुगर, बीपी, दमा, कवळी हे सगळं विचारून होतं. मग मी विचारते, “दुखण्यावर आधी कधी ट्रामाडॉल घेतलंय का? गुण आला होता?” बहुतेक जण सोबत आलेल्याच्या तोंडाकडे बघतात. हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारो न विचारो, उत्तर घरूनच तयार करून न्या.

ट्रामाडॉल आणि कोडीन ही दुखण्यावरची औषधं पोटात जातात तेव्हा कच्चीच असतात. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम कोडीनच्या थोड्याशा भागाचं मॉर्फीन करतं, आणि वेदना शमते ती त्या मॉर्फीनने. ट्रामाडॉलमधूनही हेच एन्झाइम खरा जोरकस पदार्थ तयार करतं. या एन्झाइमचं जनुक 22 व्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही निकामी असतील तर वेळेवर गोळी घेऊनही ठणका जवळपास तसाच राहतो. काहींकडे उलट जादा प्रती असतात. त्यांच्या अंगात मॉर्फीन भराभर तयार होतं, गुंगी येते, श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेली काही मुलं अशी दगावली. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये कडक इशारा दिला, आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडॉल दोन्ही देऊ नये असं बजावलं. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ही औषधं टाळावीत.

तर घरून काय न्यायचं? जुन्या ऑपरेशनची, बाळंतपणाची डिस्चार्ज कार्डं. त्यावर कंपनीने गोळीला दिलेलं नाव नको, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघा आणि कागदावर लिहा. पुढे दोन शब्द पुरे: ‘काहीच फरक नाही’, ‘दिवसभर झोपून’, ‘उलट्या थांबेनात’. कोडीनचं खोकल्याचं औषध घेऊन कधी भलतीच गुंगी आली असेल तर तेही लिहा. सख्ख्या भावंडांना विचारा. दोघांना आईवडिलांकडून अगदी त्याच दोन प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे बहिणीचा अनुभव पुरावा नाही, पण सुगावा नक्कीच.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: चालू असलेल्या गोळ्या. जनुक उत्तम असलं तरी काही औषधं हे एन्झाइम अडवून ठेवतात. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन त्यातलीच, आणि ट्रामाडॉलबरोबर त्यांचा दुसराही धोका असतो. तरी स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, फक्त सांगा. दुसरी टर्बिनाफीन, नायट्याची किंवा नखाच्या बुरशीची गोळी. हिचा परिणाम बंद केल्यावरही काही आठवडे टिकतो.

गुडघा बदललेल्या एका आजींचं आठवतं. चार्टवर ट्रामाडॉलच्या वेळा चोख, आणि आजी मात्र कॉटचा कठडा मुठीत धरून. सून म्हणाली, “त्यांना सोसतच नाही हो.” पाय तपासताना अंगठ्याचं जाड, पिवळं नख दिसलं. “यावर काही घेता?” “ती नखाची गोळी होय? तिचं काय सांगायचं!” फाइलमध्ये तिचा उल्लेखही नव्हता. मांडीत नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं, जोडीला थोडं मॉर्फीन. मॉर्फीनला या एन्झाइमची गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या, आणि सुनेला चहात साखर कमी पडल्याचं ऐकावं लागलं.

जनुकाची तपासणी लाळेवर किंवा रक्तावर होते आणि एकदा केली की जन्मभर पुरते. सरसकट सगळ्यांनी करावी असं मला वाटत नाही. मोठं ऑपरेशन ठरलंय आणि आधीचा अनुभव विचित्र आहे, तर जरूर विचारा. लॅबला एवढंच विचारा की जनुकाच्या प्रती मोजता का. नाही म्हणाले तर जादा प्रती सुटू शकतात. ‘तुमची वेदना सहन करण्याची ताकद’ वगैरे सांगणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका. मॉर्फीन जिथे चिकटतं त्या रिसेप्टरच्या जनुकातही फरक असतात, पण त्यावरून डोस ठरवावा इतका त्यांचा प्रभाव नाही.

ऑपरेशननंतर नुसतं ‘खूप दुखतंय’ म्हणू नका. शून्य ते दहामध्ये आकडा सांगा, पडून असताना किती आणि खोकताना, कूस बदलताना किती. गोळीनंतर तासाभराने पुन्हा सांगा. फरक नसेल तर सिस्टरला म्हणा, “ही मला लागू पडत नाही, बदलून मिळेल का?” डोस वाढवून मागू नका आणि घरी आल्यावर मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका, कारण ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं, तेही दुप्पट पोटात जातं. पेशंटला हाक मारून जाग येत नसेल, घोरत श्वास अडखळत असेल, तर सोबतच्याने पुढच्या डोसची वाट न बघता लगेच बोलवावं.

आणि हो, कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढलं, पोटरी सुजली, ताप आला, प्लास्टरखाली बोटं बधिर झाली, तर जनुकं बाजूला ठेवा. आधी सर्जनला दाखवा.

तपासणी केलीच असेल तर रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा. अक्कलदाढ काढल्यावर तिथेही ट्रामाडॉल लिहून मिळतं.