शिकारी कुत्र्यांच्या निवाऱ्यात स्वयंसेवकाचे काम कसे करावे

पुण्याच्या आसपास प्राण्यांच्या ज्या निवाऱ्यांतून वाचवलेली शिकारी कुत्री ठेवली जातात, तेथे लांबट तोंडाची, खोल छातीची, पोट पाठीला लागल्यासारखे दिसणारी कारवान आणि मुधोळ जातीची कुत्री पाहायला मिळतात. मुधोळचे घोरपडे संस्थानिक ज्यांची निगुतीने जोपासना करीत आणि 2005 साली ज्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, त्याच कुळातली ही जनावरे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू असूनही काही ठिकाणी ती ससा, रानडुक्कर यांच्या मागे सोडली जातात, आणि पाय अधू झाला, वय झाले किंवा धावण्याचा वेग कमी झाला की त्यांना वाऱ्यावर सोडून दिले जाते. काही मात्र शहरातूनच येतात. हौसेने आणलेले पिल्लू वर्षभरात मोठे होऊन फ्लॅटमध्ये मावेनासे झाले की त्याची जबाबदारी नकोशी होते.

अशा ठिकाणी काम करण्याची इच्छा असेल तर सर्वांत आधी आठवड्यातला एक ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळ मनाशी पक्की करावी. या कुत्र्यांना पुष्कळ माणसांचे थोडे थोडे प्रेम फारसे उपयोगी पडत नाही. तोच माणूस, त्याच वेळी, तसाच शांतपणे पुन्हा आला, याचाच त्यांना आधार वाटतो. निवारे बहुधा शहराच्या कडेला असतात, त्यामुळे आपल्या बाजूचा निवारा निवडावा. हडपसरहून बावधनला दर शनिवारी सकाळी सातला पोचण्याचा उत्साह पावसाळ्यात टिकत नाही, आणि आपण येणे बंद केले की त्याचा फटका कुत्र्याला बसतो.

काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. लस घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, निवाऱ्याच्या जबाबदार व्यक्तीला सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संकोचापोटी लहान ओरखडा लपवणे सर्वांत धोक्याचे. घरी पाळलेला कुत्रा असेल तर निवाऱ्यातले कपडे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतो आणि बुटांना लागून घरापर्यंत येऊ शकतो.

पहिले काही दिवस झाडलोट, भांडी घासणे, अंथरुणे वाळत घालणे अशीच कामे मिळतात. ती कमी प्रतीची समजू नयेत. कोणता कुत्रा कोणत्या आवाजाला दचकतो, कोण जेवताना दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही आणि कोणाची शी पातळ झाली आहे, हे झाडू हातात असतानाच कळते. याच काळात दारांची शिस्त अंगी बाणवावी. निवाऱ्याला एकामागे एक अशी दोन फाटके असतात. पहिल्याची कडी लागल्याची हाताने खात्री केल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, मग आत कितीही घाई असो. ग्रेहाउंड हा परदेशी शिकारी कुत्रा ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. आपली देशी हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रीही, एकदा रस्त्यावर सुटली तर माणूस तिच्यामागे धावून ती हाती लागणार नाही, आणि कात्रज किंवा चांदणी चौकाच्या बाजूला वाहने थांबत नाहीत.

पट्टा घालण्याची रीत हे या कामातले खरे कौशल्य आहे. या जातींची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे कुत्रा मागे सरला की साधा बकलचा गळपट्टा कानांवरून सहज निसटतो. त्याऐवजी ओढ लागली की थोडा आवळणारा, पण गळा न दाबणारा रुंद मार्टिंगेल पट्टा वापरतात, आणि नव्या कुत्र्याला त्याच्या जोडीला छातीभोवती बसणारा हार्नेसही घालतात. दोन्हींना स्वतंत्र दोऱ्या असाव्यात. गळपट्टा मानेवर कानांच्या मागे बसलेला आणि त्याखाली दोन बोटे जातील इतका सैल असावा. दोरी हाताला गुंडाळू नये, मनगटात अडकवलेली ठेवून मुठीत धरावी, आणि आपोआप लांब होणारी गुंडाळीची दोरी या कुत्र्यांसाठी मुळीच वापरू नये. फिरवताना नजर कुत्र्यावर कमी आणि पुढे जास्त ठेवावी. मांजर, खार, कोंबडी किंवा शेळी त्याला दिसण्याआधी तुम्हाला दिसली पाहिजे, कारण त्याचे कान ताठ होऊन मान पुढे ताणली गेली की पुढचा क्षण झेपेचाच असतो.

घाबरलेल्या कुत्र्याजवळ बसणे हेही कामच आहे. मी जाते त्या निवाऱ्यात एक पट्टेरी कारवान मादी होती. तिच्या खांद्यावर रानडुकराच्या सुळ्याची भरलेली जखम होती, आणि कोणी आत आले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहत असे. अशा कुत्र्याजवळ समोरून जाऊ नये. बाजूला, भिंतीला टेकून, पाठ अर्धी वळवून बसावे, डोळ्यांत पाहू नये, हात पुढे करू नये. उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा आपल्या मांडीपासून थोडा दूर जमिनीवर ठेवावा आणि पुस्तक वाचावे. जांभया देणे, ओठ चाटणे, एक पंजा उचलून धरणे ही भीतीची लक्षणे आहेत, ती दिसली की आणखी मागे सरकावे. ती मादी जवळ आली तेव्हा प्रथम तिने माझ्या चपलेचा वास घेतला आणि मग लगेच परत गेली. एवढे झाले की त्या दिवसाचे काम झाले, असे समजावे. पुढचे पाऊल तिने टाकायचे असते, आपण नाही.

खाण्याबाबत मायेने फार नुकसान होते. निरोगी हाउंडच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेची हाडे दिसतात. ती पाहून कळवळून बिस्किटे भरवू नयेत. खरोखर उपाशी राहिलेल्या कुत्र्यालाही एकदम पोटभर वाढायचे नसते. पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे द्यायचे असते. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फिरण्याचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर निदान तासभर पळवू नये. चरबी कमी असल्याने भुलीचे औषध त्यांना वेगळ्या प्रकारे लागू पडते. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी कुत्रा बाहेर नेण्याची वेळ आली तर तो हाउंड आहे हे आधी सांगावे.

पुण्याचे ऋतू लक्षात घ्यावेत. एप्रिल-मेमध्ये डांबर तापण्याआधी, सकाळी आठच्या आत फेरी संपवावी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की विरळ केसांची ही कुत्री कुडकुडतात आणि टणक फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, म्हणून घरातल्या जुन्या गोधड्या धुऊन आणून द्याव्यात. देणगी म्हणून त्यांच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. पावसाळ्यात पंजांच्या बोटांमधली जागा कोरडी करावी आणि कानांच्या आत, काखेत, शेपटीखाली गोचीड शोधावी, कारण गोचिडीचा ताप कुत्र्याला फार झपाट्याने खंगवतो. गणेशोत्सवाच्या आधीपासूनच ढोल-ताशांचे सराव सुरू होतात. निवाऱ्याजवळ सराव होत असेल तर वेळ विचारून घ्यावी आणि त्या काळात एकही कुत्रा बाहेर काढू नये. दिवाळीतल्या फटाक्यांनाही हेच लागू.

कुत्र्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत आणि निवाऱ्याचा पत्ता जोडू नये. शिकारीसाठी कुत्रा परत मिळवू पाहणारे लोकही ती पाहत असतात. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या घरी जाण्याचे काम अनुभवी स्वयंसेवकांकडे येते. त्या वेळी बाल्कनीची जाळी, कुंपणाची उंची, घरात मांजर आहे का, दिवसभर कोण घरी असते, हे नीट पाहावे. शेतावर मोकळा सोडण्यासाठी किंवा पिल्ले काढण्यासाठी मागणी आहे असे वाटले तर स्पष्ट नकार द्यावा, आणि नसबंदी झाल्याशिवाय कुत्रा देऊ नये.

कुत्रा नव्या घरी जाताना त्याच्यासोबत एक कागद द्यावा. त्यावर जेवणाच्या वेळा, औषधे, तो कशाला घाबरतो, त्याला कोणत्या हाकेची सवय आहे, हे सुवाच्य अक्षरात लिहावे. पहिले काही आठवडे दोन दोऱ्या आणि दोन पट्टे सोडू नका, असे बजावावे. नव्या घरी पहिला महिना आपण भेटायला जाऊ नये, फोनवरच चौकशी करावी.