थर्मल कॅमेऱ्याने जेट्टीचा रंग तपासताना या चुका टाळा

पृष्ठभागाचं तापमान पडद्यावर दाखवणारा थर्मल कॅमेरा नवा नवा हातात आला तेव्हा मुंबई बंदरातल्या एका जेट्टीवर, रंग सुटलाय असं वाटलं तिथे, मी भर दुपारी खडूने डझनभर खुणा करून ठेवल्या. खरवडून पाहिलं तर रंग ठणठणीत! तापलेले डाग म्हणजे पूर्वी मारलेला गडद टच-अप निघाला. पेंटर लोक अजून हसतात.

सगळा घोळ वेळेचा. रंगाच्या फोडाखाली हवा असेल तर उन्हाची उष्णता पोलादात उतरत नाही, फोड आजूबाजूपेक्षा गरम दिसतो. सूर्य कलला की उलटं: पोलादाची ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो आधी निवतो. मधल्या काळात दोन्ही सारखेच, पडद्यावर काहीच नाही. फोडात पाणी असेल तर तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. म्हणून एकच जागा दोनदा पाहा, ऊन चढताना आणि सूर्यास्तानंतर. गरमाचं गार किंवा गाराचं गरम झालं तर संशय घ्या. रात्री डाग नाहीसाच झाला तर तो रंगछटेचा फरक. आपलं बंदर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे समुद्राकडच्या बाजूला सकाळचं ऊन मिळतं. दुपारी तिथे सावली असते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता जाणं ही दुसरी चूक. उधाणाला इथे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओला पाइल (जेट्टीचा पाण्यात रोवलेला खांब) बाष्पीभवनाने गार पडतो आणि सगळा पट्टाच सदोष वाटतो. आधी तो सुकू द्या.

ड्राय डॉकमधल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलेल्या, बोटीवर सरळ रेषा दिसल्या तर त्या बहुधा आतल्या फ्रेम, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्या असतात. आडवी रेघ म्हणजे बॅलास्ट टाकीतल्या (बोटीचा तोल राखायला पाणी भरतात ती टाकी) पाण्याची पातळी. घासून उघडं पडलेलं पोलाद आकाश परावर्तित करतं, म्हणून फसवं गार दिसतं.

अंतराचा हिशेबही करा. २४ अंशांची लेन्स आणि आडवे ३२० पिक्सेल असतील तर १० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे १३ मिलिमीटर मावतात. नखाएवढा फोड त्यात हरवणारच.

पोलादात उष्णता झरझर पसरते. हॅलोजनने तापवत असाल तर फरक काही सेकंदच टिकतो, तेव्हा फोटो नको, व्हिडिओ घ्या. आणि पिनहोल, म्हणजे रंगातली सुईच्या टोकाएवढी भोकं, या कॅमेऱ्यात शोधू नका. त्यासाठी हॉलिडे डिटेक्टर, म्हणजे अशी भोकं विजेच्या दाबाने शोधणारं यंत्रच लागतं.