कोठवर, प्रभू? नापिकीच्या दिवसांत घरसभा कशी घ्यावी

सोयाबीन काळवंडलं, पऱ्हाटीची बोंडं अळीनं पोखरली, सोसायटीचं कर्ज थकलं. अशा कास्तकाराच्या घरी प्रार्थनेला जाणारे बहुतेक जण उंबऱ्यातच चुकतात. बसायच्या आधीच ‘देव सगळं बरं करील’ म्हणतात, आणि घरधनी गप्प होतो. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आशेच्या आधी गाऱ्हाणं येतं. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. सुरुवात त्यांतल्या 13व्या स्तोत्रापासून करा.

पाच-सहा माणसं पुरेत, लाउडस्पीकर नको. रात्री ओलिताची पाळी कधी आहे ते विचारून वेळ ठरवा. सतरंजीवर गोल बसा आणि पहिली पाच मिनिटं कोणी बोलू नका. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

मग स्तोत्र दोनदा, सावकाश वाचा. सहाच वचनं आहेत: पहिल्या दोनांत गाऱ्हाणं, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. मूळ इब्रीत ‘कोठवर’ चार वेळा येतं. वाचून झालं की प्रत्येकानं ‘कोठवर’नं सुरू होणारं एकच वाक्य देवाला म्हणावं: ‘कोठवर ऐन वेचणीत पाऊस येणार?’ घरच्यांनी शेवटी बोलावं, नाहीतर बोलूही नये. कोणाचं वाक्य सुधारू नका. देवाला ते चालतं.

मागणं मात्र नेमकं हवं. ‘आशीर्वाद दे’ यात धरायला काही सापडत नाही. ‘सोमवारी बँकेत जायचंय, तिथं बोलायचं बळ दे’ असं मागा. भरवशाची दोन वचनं घरधन्याच्या तोंडून निघत नसतील तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी म्हणावी. सक्ती नको. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे.

रोमकरांस पत्रातलं 5:3-4 दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या, पहिल्या दिवशी नाही. तिथला क्रम असा: संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा. ‘धीर’साठीचा मूळ ग्रीक शब्द म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. मधल्या दोन पायऱ्यांना वेळ लागतो, त्या गाळून आशेवर उडी मारायला लावली की माणूस वरवर ‘आमेन’ म्हणतो आणि पुढच्या सभेला येत नाही. त्याच सुमारास हबक्कूक 3:17-18 वाचा. संदेष्टा नुकसानीची यादीच देतो: अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. घरच्यांनी वहीत आपली यादी लिहावी: तूर, कापूस, विकलेली बैलजोडी. अठराव्या वचनात तो ‘तरी मी परमेश्वरात आनंद करीन’ असं म्हणतो. त्यातला ‘तरी’ त्या यादीखाली मोकळ्या ओळीत लिहून ठेवा. पुढचं वाक्य त्यांना सुचेल तेव्हा ते भरतील.

‘काहीतरी पाप झालं असेल’ हे वाक्य सभेत येऊ देऊ नका. जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा येशूनं ते साफ नाकारलं (योहान 9:3). जेवण सुटलेल्या माणसाला उपास सांगू नका. एलीया संदेष्ट्यानं झुडपाखाली मरण मागितलं, तेव्हा देवदूतानं आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं (1 राजे 19). म्हणून जाताना डबा न्या, आणि आधी जेवा. आणि कर्जाचा आकडा सभेबाहेर गेला तर त्या घराचं दार तुम्हाला परत उघडणार नाही.

‘आता जगून काय करू’ असं कोणी म्हणालं तर ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध शेजारच्या घरी कुलपात ठेवा, 14416 या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फुकट क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालतो. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात न्या. हे प्रार्थनेनंतर करायचं म्हणून मागे ठेवू नका.

सभा उठण्याआधी गलतीकर 6:2 मधल्या ‘एकमेकांची ओझी वाहा’चं काम वाटून घ्या: निंदणाला कोण, बँकेत सोबत कोण, कोणत्या वारी. नुसतं ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं तर कोणी सांगत नाही. पुढच्या सभेचा वारही तिथंच ठरवा. चार आठवडे सलग जा, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा तेरावं स्तोत्रच घ्या. या वेळी पुस्तक घरधन्याच्या हातात द्या.