क्वालिटीत नवीन लागताय? आधी सॅम्पल काढायला शिका (वसमतच्या हळदीतला माझा अनुभव)

परभणीच्या फूड टेक कॉलेजातून बाहेर पडून मला आता सहा वर्षं झाली, त्यातली पाच हळदीतच गेली, वसमत-हिंगोली पट्ट्यात. दर वर्षी रिझल्ट लागले की कुणी ना कुणी ज्युनिअर फोन करतं, ताई क्वालिटीत जॉब लागलाय, काय वाचून जाऊ. आता हॅसॅपची (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत) सात तत्त्वं तुम्हाला पाठ असणार, आयएसओ २२००० (अन्नसुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) काय आहे ते माहीत असणार, सीसीपी (धोका जिथं रोखायचाच तो टप्पा) कशाला म्हणतात हे इंटरव्ह्यूत सांगूनच तुम्ही लागलात. त्यावर मी बोलत नाही. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण त्या गोष्टीनं मला पहिल्याच सीझनला असं पाडलं की बॅग भरून गावी जायची तयारी झाली होती.

सॅम्पलिंग, म्हणजे तपासायला मालातून नमुना काढणं. बस एवढंच.

झालं असं की त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी झाला. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली, रात्रीतून पाऊस, ताडपत्री टाकेपर्यंत अर्धी भिजली. शेतकऱ्यानं परत वाळवली, पॉलिश केली, मोंढ्यात आणली, आणि पॉलिश झाल्यावर सगळीच हळद पिवळीधमक दिसते, कोणती भिजली होती हे डोळ्याला कळत नाही. आमच्याकडे एक ट्रक आला, ५० किलोची ४०० पोती, म्हणजे २० टन. दुपारचे दोन, ऊन ४२ च्या वर, हमाल खोळंबलेले, मालक म्हणाले मॅडम लवकर. मी परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार नळी) घेतली, ट्रकच्या मागच्या बाजूची हाताला लागतील ती पाच पोती टोचली, अर्धा किलो हळद पिशवीत भरली, सील केली, लॅबला पाठवली. लॅब एनएबीएलची, म्हणजे मान्यताप्राप्त, रिपोर्ट आला अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) ४ पीपीबी, म्हणजे अब्जात चार भाग. युरोपची मर्यादा मसाल्याला १० आहे, आपल्याकडची ३०. मी सही केली. माल दळला, कंटेनर युरोपला गेला, आणि पलीकडच्या लॅबमध्ये आकडा आला २३. कंटेनर रिजेक्ट.

मी दोन आठवडे लॅबशी भांडत होते, मशीन खराब आहे, केमिस्ट नवीन आहे, काहीबाही. नंतर कळलं की लॅबचा ४ पण खरा होता आणि तिकडचा २३ पण खरा होता. चुकलेली मी होते.

हे नीट समजून घ्या, मी परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. अफ्लाटॉक्सिन हे दुधातल्या पाण्यासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ती बुरशी, अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, जिथं ओल राहिली तिथंच वाढते. म्हणजे खळ्यावर ज्या कोपऱ्यात पाणी साचलं त्या कोपऱ्यातली हळद, ती भरली गेली समजा दहा-पंधरा पोत्यात, आणि त्या पोत्यातसुद्धा सगळ्या कांड्या खराब नाहीत, काहीच आहेत, पण ज्या आहेत त्यात विष इतकं असतं की दळून मिसळल्यावर अख्ख्या लॉटचा आकडा वर जातो. एका पोत्यात हजारो कांड्या, ४०० पोती. तुम्ही पाच पोती टोचून अर्धा किलो काढला तर त्या खराब कांड्या तुमच्या पिशवीत येण्याचा चान्स किती? जवळपास नाहीच. मग रिपोर्ट पास येणार, आणि तो रिपोर्ट त्या अर्ध्या किलोचा असतो, २० टनाचा नसतो. युरोपवाले मोठ्या लॉटला १०० ठिकाणांहून २००-२०० ग्रॅम काढून २० किलोचं सॅम्पल करतात ते शेंगदाण्यासारख्या मालात याच्यासाठीच करतात, हौस म्हणून नाही.

आणि दुसरा खड्डा कॉलेजात मला कुणी सांगितला नव्हता. समजा तुम्ही कष्ट करून १० किलो काढलं. आता लॅबला २०० ग्रॅमच पाहिजे. तुम्ही काय करता, त्या अख्ख्या कांड्यांतून मूठभर उचलून देता. गेलं सगळं पाण्यात! आधी दळायचं, सगळंच्या सगळं दळायचं, नीट मिसळायचं, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत मिसळायचे, असं करत करत खाली यायचं. आधी दळणं, मग वाटणी. उलटं केलं की तुम्ही परत त्याच नशिबाच्या खेळात.

आणि हे विष दळल्यावर, शिजवल्यावर जातं असं समजू नका. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जीवाणू) स्टीम स्टरिलायझेशनला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करताना, मरतो, अफ्लाटॉक्सिन तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. एकदा माल आत घेतला की तुमच्या हातात काही राहत नाही, म्हणून गेटवरचं सॅम्पल हाच आमच्या धंद्यातला खरा सीसीपी, मग ऑडिटर काहीही म्हणो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, बहुतेक आदिवासी, गरीब, ज्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं. मी हे रिजेक्ट झालेल्या कंटेनरनंतर वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही.

आता २३ वाला माल. आपल्या ३० च्या आत बसतो, म्हणून तो इथं विकायला कायद्यानं काही अडचण नव्हती आणि तो विकला गेला. मला हे आजही पचत नाही. तीच हळद माझ्या आईच्या वरणात पडते. मर्यादा कागदावर वेगवेगळ्या असतील, लिव्हर सगळ्यांचं सारखंच असतं.

मला सावरलं ते गोदामातल्या मुकादम मामांनी. आमच्या कन्सल्टंटनं नाही. मामा चौथी शिकलेले. ते म्हणाले, "ताई, कडंचं पोतं दाखवायचं आसतंय, थप्पीच्या पोटातलं बघा." त्यांनी दोन कांड्या घेतल्या, माझ्या कानाजवळ मोडल्या. एक टणकन वाजली, धातूसारखी. दुसरी नुसती चिरली, आवाजच नाही. "ही वरून वाळली, आतून वली." मोडलेल्या तोंडावर मधोमध गडद, ओलसर ठिपका होता, नखानं दाबला की दबत होता. त्या दिवसापासून मी ट्रक उतरत असतानाच उभी राहते, दर दहाव्या पोत्याला परखी, वर-मध्ये-खाली तिन्ही ठिकाणी, आणि मोडून बघितल्याशिवाय पुढं जात नाही. एवढं करूनही लॅबचा रिपोर्ट लागतोच, कानावर सही होत नाही. पण कुठली पोती बाजूला काढायची हे कान सांगतो.

मॉइश्चर मीटरवर (ओल मोजायचं यंत्र) भरवसा ठेवू नका, ओव्हनवरही नको. अख्ख्या हळदीला १२ टक्के, पावडरला १० टक्के ही मर्यादा तुम्हाला माहीत आहे, पण ओव्हनमध्ये ठेवून वजन काढलं तर हळदीचं तेलही उडतं आणि तो आकडा पाण्याचा राहत नाही, टोल्युइन डिस्टिलेशनच (टोल्युइन या द्रवात उकळून फक्त पाणी वेगळं काढून मोजायचं) करायचं. वेळ लागतो, लागू द्या.

बाकीचे धोके पटकन सांगते. साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये नसलाच पाहिजे, आणि तो येतो खळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्या-कुत्र्यांनी, टँकरच्या पाण्यानं, म्हणून पाण्याचं क्लोरीन रोज बघा. लेड क्रोमेट म्हणजे पॉलिश करताना चमक यावी म्हणून टाकतात तो पिवळा रंग, शिसं असतं त्यात, लहान मुलांच्या मेंदूवर जातं. बांगलादेशात २०१९ ला बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं होतं, त्यांनी छापे टाकले, जाहिरात केली, २०२१ ला शून्यावर आणलं. होतं म्हणजे, करायचं ठरवलं तर. तुमच्याकडं माल जास्तच चमकतोय आणि पॉलिशवाला डोळ्याला डोळा देत नाहीये तर शिशाची टेस्ट लावा, मालकाला विचारत बसू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दोन दिवसांचे ऑनलाइन लीड ऑडिटरचे (मुख्य तपासनीसाचे) कोर्स पहिल्या वर्षी करू नका, पैसे वाया. रेडिमेड हॅसॅप फाईल विकणाऱ्या कन्सल्टंटपासून लांब राहा, आमच्या फाईलमध्ये दुधाच्या चिलरचं तापमान लिहिलेलं होतं आणि आमच्याकडं चिलरच नाही! आणि संध्याकाळी बसून दिवसभराचे रेकॉर्ड एकाच पेननं भरणं, हे सगळे करतात, तुम्ही करू नका. ज्या दिवशी माल परत येतो त्या दिवशी तुमच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच वही असते.

सरकारी अधिकारी आले तर घाबरू नका. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात, चार भाग करतात, त्यातला एक फूड अ‍ॅनालिस्टकडे जातो, १४ दिवसांत अहवाल यायचा असतो, अहवाल मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील आहे. चौथा भाग एनएबीएल लॅबला पाठवा अशी मागणी करायचा हक्क मालकाला आहे, तो तेव्हाच लेखी मागा, नंतर आठवून उपयोग नाही. त्यांच्यातले बरेच जण आपल्याच कॉलेजचे आहेत, तुम्हालाही एमपीएससीतून तिकडं जाता येतं, दोन सीझन गोदामात काढून गेलात तर फार चांगले अधिकारी व्हाल.

पहिला महिना अवघड जाईल. मालक "गाडी अडवू नका" म्हणतील, हमाल कुरकुरतील, तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे, त्यात मुलगी असाल तर अजूनच. माझाही आवाज थरथरायचा. मी पहिली गाडी अडवली तेव्हा मालक आठ दिवस बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी रिपोर्ट आला, अफ्लाटॉक्सिन ३८. तेव्हापासून गाडी काट्यावर आली की तेच गेटवरून हाक मारतात, मॅडम परखी घेऊन या.

आवक फेब्रुवारीच्या शेवटी वाढते. त्याच्या आधी जॉइन होत असाल तर जानेवारीत रिकाम्या गोदामात मुकादमाबरोबर चार दिवस बसा, जुन्या थप्पीवर परखी मारायची सवय करा. हात सुजेल पहिल्यांदा, मनगटाला कापड गुंडाळून घ्या.