चेटकिणीच्या गोड प्रेमकथेला बीटा वाचक कसे मिळवाल?

बीटा वाचक म्हणजे पुस्तक प्रसिद्ध होण्याआधी मसुदा वाचून मत सांगणारे वाचक. रेडिट आणि गुडरीड्सवर त्यांचे गट आहेत. तिथे विनंती टाकताना शब्दसंख्या, शृंगार कितपत उघड आहे आणि शेवट गोड आहे का, हे आधीच सांगा. नुसतं ‘चेटकीण’ लिहिलंत तर भयकथेचे वाचक येतात आणि रक्ताचा थेंब नाही म्हणून कंटाळतात. ८ जणांना विचारा, निम्मे गळतातच. आधी ३ प्रकरणं पाठवा, मग उरलेली, मुदत ४ आठवडे.

‘आवडलं का?’ हा प्रश्न फुकट. घरचे तर ‘छान’च म्हणणार. त्याऐवजी विचारा: वाचता वाचता फोन कुठे हातात घेतलात? मंत्राचे नियम कुठे गोंधळले? या दोघांचं जमणार, असं पहिल्यांदा कोणत्या पानावर वाटलं? तिघांनी एकाच प्रसंगावर बोट ठेवलं, तर तो बदला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही.