झिप उलगडली आणि फोल्डरचं नाव बिघडलं: सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सपोर्टच्या कामात नवीन आलेल्यांकडे एक तक्रार हमखास येते. झिप एक्स्ट्रॅक्ट केली, फोल्डर तयार झाला, डोळ्यांसमोर दिसतोय, पण उघडत नाही, डिलीट होत नाही, नावही बदलू देत नाही. वर विंडोज सांगतं की असा आयटमच सापडत नाही. मग डिस्क गेली, व्हायरस आला, फॉरमॅट मारा, इथपर्यंत चर्चा पोचते. मी हे काम बरीच वर्षं करते आहे, आणि माझा अनुभव असा की अशा वेळी डिस्क बहुधा ठणठणीत असते, आतल्या फाइलीही शाबूत असतात. बिघडलेलं असतं ते फक्त नाव. ते कुठे बिघडलं हे कळेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही: झिप बनवताना, झिपच्या आत लिहिताना, की आपल्याकडे उलगडताना? आणि मूळ झिप कुणालाही डिलीट करू द्यायची नाही. निम्म्याहून जास्त वेळा खरा उपाय तिच्यातच असतो.

आधी तो न हलणारा फोल्डर घेऊ. नावाच्या शेवटी एक स्पेस किंवा टिंब आहे का ते बघा. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, असं नाव साठवू शकते, पण विंडोजचा रोजच्या वापरातला थर नाव शोधण्याआधी शेवटची स्पेस आणि टिंब काढून टाकतो. म्हणजे डिस्कवर ‘अहवाल’ आणि पुढे स्पेस असं नाव आहे, आणि शोध चाललाय नुसत्या ‘अहवाल’चा. सापडणार कसा? ही स्पेस येते कुठून, तर पुष्कळदा झिपच्याच नावातून. एक्स्टेन्शनच्या टिंबाआधी कुणीतरी चुकून स्पेस दिलेली असते, एक्स्ट्रॅक्ट करणारा प्रोग्रॅम एक्स्टेन्शन काढतो आणि उरलेल्या नावाचा फोल्डर करतो, स्पेससकट. लिनक्स किंवा मॅकवर बनलेल्या झिपमध्येही असं नाव असू शकतं, कारण तिथे ते चालतं.

उपाय कमांड प्रॉम्प्टमध्ये आहे. पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फोल्डरपर्यंतचा पत्ता, अवतरणचिन्हांत लिहायचा, शेवटच्या स्पेससकट, आणि पाथच्या सुरुवातीला \\?\ ही चार चिन्हं लावायची. त्याचा अर्थ, नावात काहीही फेरफार न करता ते जसंच्या तसं फाइल सिस्टिमकडे पाठव. असा पाथ आरडी (rd) या फोल्डर काढणाऱ्या कमांडला एस स्विचसह (/s) दिला की फोल्डर आतल्या मालासकट जातो. आतला माल हवा असेल तर आधी डीआयआर (dir) ही यादी दाखवणारी कमांड एक्स स्विच (/x) लावून चालवा. तिथे फोल्डरचं आठ अधिक तीन अक्षरांच्या जुन्या पद्धतीचं छोटं नाव दिसतं, ते वापरून नाव बदलता येतं. काही ड्राइव्हवर ही छोटी नावं बंद ठेवलेली असतात, तेव्हा तो रकाना रिकामा दिसेल. कमांडची भीती वाटत असेल तर सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधूनही असा फोल्डर शिफ्ट आणि डिलीट दाबून काढता येतो.

इथे एक धोका आहे, तो मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला स्क्रीनवर करून दाखवते. समजा एकाच जागी दोन फोल्डर आहेत, एक साधा ‘अहवाल’ आणि दुसरा स्पेसवाला. तुम्ही स्पेसवाल्याचं नाव अगदी बरोबर टाइप केलंत, पण ती चार चिन्हं लावायची राहिली. विंडोज शेवटची स्पेस कापणार, आणि आरडी चांगला फोल्डर उडवणार. तोही रिसायकल बिनमध्ये न जाता. म्हणून डिलीटच्या आधी तोच पाथ डीआयआरला देऊन आत काय दिसतं ते पाहायचं. हा एक मिनिट वाचवू नका.

हीच चार चिन्हं आणखी एका जागी कामी येतात. एमएस-डॉसच्या काळापासून काही नावं उपकरणांसाठी राखीव आहेत: सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, शिवाय सीओएम आणि एलपीटी यांना १ ते ९ आकडे जोडून होणारी. लिनक्सवर ‘एयूएक्स’ नावाचा फोल्डर असणं अगदी साधी गोष्ट, विंडोजवर तोच डोकेदुखी होतो. नावात चालत नाहीत अशी नऊ चिन्हंही आहेत: < > : " / \ | ? *. फोल्डरच्या नावात कुणी वेळ लिहिली, ‘१०:३०’ अशी, की कोलनशी गाठ पडते. काही प्रोग्रॅम त्या जागी अंडरस्कोअर टाकतात, काही तो फोल्डर सरळ वगळतात आणि शेवटी बारीक अक्षरांत एरर दाखवतात. वगळणं जास्त वाईट, कारण काही गेलंय हे कळतच नाही. झिपच्या यादीतल्या फाइली आणि उलगडलेल्या फाइली, दोन्हींची संख्या ताडून पाहा.

आता मराठी नावांकडे येते, कारण इथे खरी गंमत आहे आणि आपल्याइतकी ती इंग्रजीत नावं देणाऱ्यांना भोगावी लागत नाही. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. त्यात नावांसाठी आयबीएमचं कोड पेज ४३७ गृहीत धरलेलं होतं. कोड पेज म्हणजे कुठल्या बाइटला कुठलं चिन्ह याचा तक्ता; यात २५६ चिन्हं, आणि देवनागरीचं एकही नाही. यूटीएफ-८ म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या लिहू शकणारी पद्धत; तिच्यातलं नाव ओळखण्यासाठी स्पेसिफिकेशनमध्ये एक खूण आली ती २००६ मध्ये. नावाच्या आधीच्या माहितीतला ११ क्रमांकाचा बिट (चालू-बंद अशी एक खूण) चालू असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं समजायचं. काही प्रोग्रॅम नाव यूटीएफ-८ मध्ये लिहितात पण हा बिट चालू करत नाहीत. मग उलगडणारा प्रोग्रॅम जुन्याच कोड पेजनं वाचतो आणि फोल्डरच्या नावाचा काला होतो.

हा काला नीट न्याहाळा, तो बरंच सांगतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोहोंपैकी एक. कोड पेज ४३७ मध्ये पहिल्याचा ग्रीक अल्फा होतो आणि दुसऱ्याचा डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, लहान किंवा मोठा. त्यामुळे नावात दर तीन चिन्हांनी अल्फा-एन, अल्फा-एन अशी जोडी दिसली की निदान झालं. त्याऐवजी तिरकी रेघ डोक्यावर असलेला रोमन ए, आणि शेजारी चार पायांचं गोल चिन्ह किंवा येन या चलनाचं चिन्ह दिसलं, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं विंडोज-१२५२ हे दुसरं कोड पेज धरलं होतं. दोन्हीकडे झिपमधले मूळ बाइट सहसा जसेच्या तसे असतात आणि नाव परत मिळतं. नुसते चौकोन दिसत असतील तर बहुधा फॉन्ट नाही, नावाला काही झालेलं नाही. प्रश्नचिन्हांची किंवा अंडरस्कोअरची रांग असेल, तर त्या फोल्डरवरून मूळ नाव कळणार नाही. झिपकडेच परत जायचं.

अशा वेळी एकेक फोल्डर हाताने रिनेम करत बसू नका. मॅक किंवा लिनक्सवर ‘अनार’ (unar) हा प्रोग्रॅम एन्कोडिंग, म्हणजे नाव कुठल्या पद्धतीनं लिहिलंय ते, स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो, आणि चुकला तर आपल्याला सांगता येतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर ३.११ आवृत्तीपासून झिपफाइल मॉड्यूलला नावांचं एन्कोडिंग सांगायची सोय आहे. लिनक्सवर ‘कन्व्हएमव्ही’ (convmv) हा प्रोग्रॅम उलगडलेल्या फोल्डरांची नावं बदलतो. आधी तो फक्त काय बदलेल ते दाखवतो, स्पष्ट सांगितल्याशिवाय खरा बदल करत नाही, म्हणून मला तो विशेष आवडतो.

आणि एक खास आपला मामला, ‘ऱ’चा. ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, किंवा र आणि त्याला जोडलेला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं सुटी करून ठेवायची, तशीच ती झिपमध्ये जायची. विंडोज आणि लिनक्स या दोन रूपांना वेगळी नावं मानतात. मग ‘दऱ्या’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, दिसायला हुबेहूब, आणि स्क्रिप्टला मात्र त्यातला एकच सापडतो. कन्व्हएमव्हीमध्ये एनएफसी पर्याय आहे, तो सुटी अक्षरं जोडून देतो.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. ‘क्षेत्र’ डोळ्यांना दोन अक्षरं, पण मोजताना क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. अशी जास्तीत जास्त ८५ चिन्हं मावतात. एनटीएफएसवर मात्र २५५, त्यामुळे विंडोजवरचं लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उलगडताना अडतं. विंडोजची अडचण वेगळी, तिथे अख्ख्या पाथला २६० चिन्हांची जुनी मर्यादा आड येते. विंडोज १० मध्ये ती उठवायची सेटिंग आहे, पण प्रोग्रॅमनंही साथ द्यावी लागते. झिपच्या नावाचा फोल्डर, त्यात पुन्हा त्याच नावाचा फोल्डर, असं झालं की मर्यादा लवकर संपते. सोपा मार्ग म्हणजे ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराचा फोल्डर करून तिथे उलगडणं.

लिनक्सवर हायफनने सुरू होणारं नाव कमांडला स्विच वाटतं, त्याआधी ./ लावा. टाइपच करता येत नाही असं नाव असेल तर यादी दाखवणाऱ्या एलएस (ls) कमांडला आय स्विच (-i) देऊन आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टिमनं त्या फाइलला दिलेला आकडा, काढा आणि शोधणाऱ्या फाइंड (find) कमांडला तो द्या. नावातच बॅकस्लॅश दिसत असेल तर विंडोजवरच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमनं झिप बनवताना पुढच्या तिरक्या रेघेऐवजी तो वापरलेला असतो. अंडरस्कोअरनं सुरू होणारा मॅकओएसएक्स फोल्डर मॅकच्या जादा माहितीचा असतो, विंडोज-लिनक्सवर तो खुशाल काढा.

तक्रार आली की नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका. झिपच मागवा, ती कुठल्या सिस्टिमवर कुठल्या प्रोग्रॅमनं बनवली ते विचारा, आणि उलगडण्याआधी आतली यादी पाहा: अनझिप (unzip) कमांडला एल स्विच (-l), विंडोज किंवा मॅकवरच्या टार (tar) कमांडला टी (-t). नाव यादीतच बिघडलेलं असेल तर पाठवणाऱ्याला कळवा की पुन्हा झिप करताना यूटीएफ-८ चा पर्याय चालू ठेवा. यादीत नीट आणि डिस्कवर वाकडं असेल, तर उलगडणारा प्रोग्रॅम बदलून पाहा.