मुलांच्या केसांतून स्ट्रेस हार्मोन मोजायचंय? मग बट अशी कापा

रक्त किंवा लाळ तपासली की त्या घडीचं कॉर्टिसॉल, म्हणजे हेच स्ट्रेस हार्मोन, कळतं. ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं, रात्री झोपताना एकदम खाली, आणि सुई बघून मूल घाबरलं तर तेवढ्यानेही चढतं. केसांचं तसं नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि वाढता वाढता शरीरातलं कॉर्टिसॉल थोडं थोडं आत साठवत जातो, म्हणून कातडीलगतचे ३ सेंटिमीटर म्हणजे जवळपास मागचे ३ महिने.

कापायच्या आधी मुलाशी बोला, आणि हे नावापुरतं करू नका. केस उपटायचे नाहीत, कापायचेत, दुखणार नाही, हे त्याला स्वतःला कळलं पाहिजे. कानामागे कात्रीचा कचकच आवाज आला की लहान मुलं दचकतात, म्हणून कात्री आधी हातात देऊन दाखवा, मी तर बट बांधायच्या दोऱ्याचं एक टोक मुलाच्याच हातात धरायला देते. नाही म्हटलं तर त्या दिवशी थांबा.

मग वहीत लिहून घ्या: वय, केस रंगवलेत का, कितीदा धुतात, पोहायला जातं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेरॉइडचं औषध चालू आहे का. दम्याचा पंप, खाजेचं मलम, सगळं विचारा. हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे रासायनिकदृष्ट्या कॉर्टिसॉलच, त्यामुळे ते मलमातून आलं की शरीराने बनवलं हे टेस्टला ओळखता येत नाही. पण टेस्टसाठी औषध बंद मात्र अजिबात करू नका.

आता बट. जागा डोक्याच्या मागे, वरच्या बाजूला, भोवऱ्याच्या आसपास, कारण तिथे केस त्यातल्या त्यात एकसारख्या वेगाने वाढतात. वरचे केस क्लिपने बाजूला करा म्हणजे कापलेलं नंतर झाकलं जातं. आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड बट घ्या, एकाच जागी टक्कल दिसेल असं वाटलं तर शेजारच्या दोन-तीन ठिकाणांहून बारीक बारीक घ्या. कापायच्या आधीच मुळाकडे दोऱ्याने बांधा आणि कात्री कातडीला जितकी टेकवता येईल तितकी टेकवून कापा. वर १ सेंटिमीटर सोडलात तर अख्खा शेवटचा महिना डोक्यावरच राहिला!

बट अॅल्युमिनियम फॉइलवर सरळ ठेवा, मूळ कुठलं त्या बाजूला मार्करने बाण काढा, घडी घाला, पाकिटात टाका, वर तारीख. मूळ आणि शेंडा एकदा उलटसुलट झाले की मग कुणालाच सांगता येत नाही कुठला महिना कुठला. फ्रिज नको, कोरडी अंधारी जागा पुरते.

लॅबमध्ये केस आयसोप्रोपॅनॉलने धुतात म्हणजे वरचा घाम-तेल निघतं, वाळवतात, बारीक करतात, मिथेनॉलमध्ये बरेच तास भिजवतात आणि मग एलायझा किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या लॅबच्या पद्धतींनी कॉर्टिसॉल मोजतात. उत्तर येतं पिकोग्राम प्रति मिलिग्राममध्ये, म्हणजे एक मिलिग्राम केसांत किती पिकोग्राम (ग्रॅमचा अतिसूक्ष्म भाग) कॉर्टिसॉल.

या आकड्यावर घाईने काही ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मुलांसाठी सगळ्यांनी मान्य केलेली नॉर्मल रेंज अजून नाही, अगदी लहान वयात आकडा मुळातच जास्त असू शकतो, दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि खूप काळ त्रास सोसलेल्या काही मुलांमध्ये कॉर्टिसॉल उलट कमी सापडतं, त्यामुळे कमी आलं म्हणजे मूल मजेत आहे असं धरून चालू नका. सध्या ही पद्धत मुख्यतः संशोधनात, मुलांच्या गटांची तुलना करायला कामी येते. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झालं असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

पुन्हा मोजायचं असेल तर ३ महिन्यांनी, भोवऱ्याजवळच्याच केसांतून आणि त्याच लॅबमध्ये.